नगरपरिषदेची दृश्य ओळख पुस्तिका: राजमुद्रा, फॉन्ट, रंग, शिक्के यांचे निकष कसे लिहायचे?

अक्षरजुळणी यांचा प्रश्न:

एका 'ब' वर्ग नगरपरिषदेसाठी दृश्य ओळखीची मानक पुस्तिका करायची आहे. बोधचिन्ह जुनंच राहणार, फक्त नीट रेखाटून घ्यायचं. सध्या ते चार रूपांत फिरतंय आणि मूळ फाइल कुणाकडेच नाही, आहे ते व्हॉट्सअॅपवरून आलेलं जेपीजी. पत्रव्यवहार निम्मा मंगल या युनिकोड फॉन्टमध्ये, निम्मा युनिकोड नसलेल्या जुन्या श्रीलिपीत. लेटरहेडवर डावीकडे सिंहांची राजमुद्रा, उजवीकडे परिषदेचं चिन्ह, आणि मजकुराच्या मागे तेच चिन्ह पुसट.

नेमकं विचारायचंय ते असं. राजमुद्रा ठेवता येते का? मराठीसाठी फॉन्ट कोणता धरावा? घंटागाडी, फ्लेक्स, शिक्का, पाणीपट्टीचं बिल, संकेतस्थळ या सगळ्यांवर एकच निळा कसा आणायचा? आणि पुस्तिका किती पानांची असावी? वरून मागणी १०० पानांची आहे.

---

दप्तरबंद:

राजमुद्रा काढा. ती म्हणजे भारताचं राज्यचिन्ह, आणि त्याच्या वापरावर २००५ चा कायदा आणि २००७ चे नियम आहेत. कोणी वापरायची नाही त्या यादीत सार्वजनिक उपक्रम, बँका आणि विद्यापीठांसोबत नगरपरिषदा आणि पंचायत राज संस्थाही आहेत. नियमांनी ज्यांना अधिकार दिलेत तेवढेच अपवाद. उल्लंघनाला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 'मुख्याधिकारी राज्य शासनाच्या सेवेतले आहेत, मग काय हरकत' हा युक्तिवाद हमखास येईल. पण पत्र परिषदेच्या नावाने जातं, त्यामुळे नियमही परिषदेचाच लागतो. शेजारच्या परिषदेच्या लेटरहेडवर ती आहे, हेही कारण चालत नाही.

राष्ट्रध्वज आणि अशोकचक्र बोधचिन्हात घालू नका. १९५० चा बोधचिन्हे व नावे यांच्या गैरवापरावरचा कायदा वाचून ठेवा.

दुसरं, परिषदेची स्वतःची औपचारिक मुद्रा आणि रोजचं चिन्ह पुस्तिकेत वेगळं करा. नासाकडे औपचारिक मुद्रा वेगळी आणि निळ्या गोलातलं रोजचं चिन्ह वेगळं आहे. १९७५ मध्ये त्यांनी लाल, वळणदार अक्षरांचं नाव आणलं, १९९२ मध्ये ते मागे घेऊन निळा गोल परत आणला, आणि २०२० मध्ये लाल अक्षरं पुन्हा वापरात आली. या सगळ्या उलथापालथीत औपचारिक मुद्रा मात्र जिथल्या तिथे राहिली. तुमच्याकडेही ठराव, प्रमाणपत्र आणि करारनाम्यावर पूर्ण मुद्रा, आणि बाकी सगळीकडे सुटसुटीत चिन्ह असं करा. गाडीच्या दारावर मुद्रेतलं ब्रीदवाक्य कुणी वाचत नाही.

योजनांची चिन्हं पत्राच्या तळाशी, एका ओळीत, सारख्या उंचीची, जास्तीत जास्त तीन. स्वच्छ भारतचा चष्मा (रेखाटन कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांचं) जवळपास प्रत्येक परिषदेच्या कागदावर असतो आणि बहुतेक ठिकाणी आडवा ताणलेला. 'लांबी-रुंदीचं प्रमाण बदलू नये' एवढं लिहून ते थांबत नाही. योजनांच्या पट्टीची तयार फाइलच द्या, म्हणजे कुणाला ताणायची वेळच येणार नाही.

पुसट चिन्ह ताबडतोब काढा. झेरॉक्सच्या तिसऱ्या पिढीत ते काळं पडतं आणि स्कॅन केलेल्या पत्रातला मजकूर ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरचा घोळ होतो.

---

शिरोरेघ:

फॉन्टबद्दल. पुस्तिका देवनागरीपासून सुरू करा, इंग्रजीपासून नाही. बहुतेक पुस्तिकांमध्ये आधी लॅटिन फॉन्ट ठरतो आणि शेवटच्या पानावर 'मराठीसाठी मंगल' असं येतं.

राज्य शासनाचा १० नोव्हेंबर २०२२ चा वर्णमालेबाबतचा निर्णय मराठी वळण सांगतो: देठाचा श आणि पाकळीचा ल. अनेक युनिकोड फॉन्टांत ही रूपं असतात, पण आपोआप हिंदी वळणाची येतात. मराठी रूप दिसायला मजकुराची भाषा 'मराठी' अशी नोंदवावी लागते. संकेतस्थळावर पानाच्या मुख्य टॅगमध्ये भाषा 'mr', इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये कॅरेक्टर पॅनेलमध्ये भाषा मराठी. हे न केल्यामुळे एकाच कार्यालयाचा फलक एका वळणाचा आणि संकेतस्थळ दुसऱ्या वळणाचं दिसतं.

इनडिझाइनमध्ये परिच्छेदाला 'वर्ल्ड-रेडी' कंपोझर लावला नाही, तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरं पाय मोडून सुटी होतात. इलस्ट्रेटर या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइपच्या प्राधान्यांत 'इंडिक ऑप्शन्स' चालू करा.

एकच शब्द चाचणीला घ्या: मुख्याधिकाऱ्यांचे. यात ऱ्य आहे, रफाराचा र्य नाही. 'मुख्याधिकार्यांचे' छापलं गेलं तर ती टायपिस्टची चूक आहे की फॉन्टची, हे आधी शोधा. बऱ्याचदा जुन्या श्रीलिपीतून युनिकोडमध्ये रूपांतर करताना ऱ्य हरवतो. शिवाय तो युनिकोडमध्ये दोन पद्धतींनी टाइप होतो: एक नुक्त्याच्या ऱ-ने, दुसरा साध्या र-नंतर अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्याला दोन्ही सारखे, पण शोधयंत्राला वेगळे, म्हणून संकेतस्थळावर शोध लागत नाही. पुस्तिकेत पहिली पद्धत सक्तीची करा. आणखी चाचणीचे शब्द: वर्षांतील, कर्मचाऱ्यांनी, उद्ध्वस्त, हृदय, ऱ्हास, द्वितीय, नोंदणीकृत.

बाकी नियम थोडक्यात, पण कारणासह. अक्षरांतलं अंतर कधीही वाढवायचं नाही, शिरोरेघ तुटते. अधोरेखन टाळा, उकार कापले जातात. तिरपं अक्षर नको, जोर द्यायचा तर जाड वजनाने, म्हणजे ठळक अक्षराने. ओळीची उंची अक्षराच्या दीडपट धरा. इंग्रजीसाठी ठेवलेली १.२ पट देवनागरीला लावली की 'र्षां'वरचा अनुस्वार वरच्या ओळीच्या उकाराला भिडतो.

फॉन्ट दोन पुरे. मथळ्याला एकटाइपचा मुक्ता (सात वजनं आहेत, मोफत खुला परवाना), मजकुराला नोटो सान्स देवनागरी. केंद्राच्या २०२५ च्या डिजिटल ओळख पुस्तिकेतही नोटो सान्सच आहे.

---

टाकबोरू:

@शिरोरेघ, नोटो पडद्यावर ठीक, पण छापील पत्राला कोरडा वाटतो. राज्य मराठी विकास संस्थेचे यशोमुद्रा आणि यशोवेणू मोफत आहेत. मराठी परिषदेच्या मराठी पत्राला ते आधी लावून बघायला काय हरकत? निवड कोणतीही असो, छापून बघा, पडद्यावरून ठरवू नका.

अंकांचा मुद्दा राहिला. पत्रात मराठी अंक. पण पाणीपट्टीच्या बिलावरचा ग्राहक क्रमांक, खाते क्रमांक आणि बँकेचा संकेतांक आंतरराष्ट्रीय अंकांत ठेवा, कारण माणूस ते मोबाइलवर टाइप करतो. एका चौकटीत दोन्ही अंक मिसळू नयेत.

आता शिक्का. गोल शिक्क्यात देवनागरी वळवली की मोठी गंमत होते. वरच्या कमानीत शिरोरेघ बाहेरच्या कडेला येते, तिथे परीघ मोठा, म्हणून दोन अक्षरांच्या मध्ये ती पंख्यासारखी फाटते. खालच्या कमानीत उलट, शिरोरेघ आत येते, अक्षरांची डोकी एकमेकांवर चढतात आणि उकार मात्र खाली फाकतात. उपाय दोन. अक्षरं आकृतीत बदलून घ्या, प्रत्येकाची शिरोरेघ पुसा आणि वर एक सलग कमान काढा. किंवा सरळ वर्तुळाच्या मध्ये तीन आडव्या ओळी टाका: नगरपरिषदेचं नाव, विभाग, जिल्हा. दुसरा उपाय स्वस्त आणि वाचनीय. व्यास ३८ मिमी, रेघ किमान ०.३ मिमी, मधली फट ०.४ मिमी. फट याहून कमी असेल तर शाईने भरते आणि सही-शिक्क्याच्या जागी निळा डाग उमटतो. म्हणून शिक्क्यासाठी चिन्हाचं एकरंगी, कमी रेघांचं रूप वेगळं रेखाटा. मोठं चिन्ह लहान करून चालणार नाही.

---

कटिंगवाला:

एकच निळा सगळीकडे येत नाही. माध्यमागणिक वेगळे आकडे द्या आणि शेवटी छापील नमुन्याशी ताडा.

ऑफसेटला चार रंगांत समजा सी (सायन) १००, एम (मॅजेंटा) ६५, वाय (पिवळा) ०, के (काळा) १५. मॅजेंटा सायनच्या फार जवळ नेऊ नका. १००-१०० केलं की निळा छापताना जांभळा होतो, आणि मॅपलिथो कागद शाई पितो म्हणून आणखी मळका दिसतो. फ्लेक्सवर तोच निळा भडक येतो, त्यामुळे फ्लेक्सवाल्याकडून एक चौरस फुटाचा नमुना सही करून घ्या. गाडीला विनाइलच्या शेडकार्डातला क्रमांक. पेंटरला ऑइल पेंटचा शेड क्रमांक, आणि सोबत रंगवलेली पट्टी. पडद्यासाठी लाल-हिरवा-निळा आकडे वेगळे.

भगवा वापरणार असाल तर मोजून घ्या. २५५, १५३, ५१ या भगव्यावर पांढरी अक्षरं टाकली तर उजळपणातला फरक (कॉन्ट्रास्ट) जेमतेम २.१ ला १ येतो. शासकीय संकेतस्थळांच्या मार्गदर्शक सूचना सुगम्यतेची जी जागतिक पातळी धरतात, तिला साध्या मजकुरासाठी ४.५ ला १ लागतो. त्याच भगव्यावर काळी अक्षरं टाका, फरक ९.८ च्या वर जातो. भगव्यावर पांढरं दिसायला छान, पण आजोबांना दवाखान्याची वेळ वाचता येत नाही.

फलकाच्या अक्षराची उंची शिरोरेघेपासून पायापर्यंत मोजा, वेलांटी धरू नका. कामापुरता ठोकताळा: दर १० मीटरला ३० मिमी, रस्त्यावरून चालत्या गाडीतून वाचायचं असेल तर दुप्पट. रस्त्याच्या वाहतूक चिन्हांना हात लावायचा नाही, त्यांचे रंग आणि आकार आयआरसी ६७ हे रस्त्यावरच्या चिन्हांचं मानक ठरवतं. त्यावर परिषदेचं चिन्ह चिकटवणं बंद करा.

ठेकेदाराला फाइल देताना अक्षरं 'कर्व्ह' करूनच, म्हणजे आकृतीत बदलूनच द्या. त्याच्या कोरलड्रॉ सॉफ्टवेअरमध्ये फॉन्ट नसला की ते दुसरा उचलतं आणि 'नगरपरिषद'चं काय होईल सांगता येत नाही.

---

अक्षरजुळणी:

सगळ्यांना धन्यवाद. वर्डमध्ये एक अडचण आहे. टेम्प्लेटमध्ये फॉन्ट आणि १२ आकार ठरवून दिला, तरी मराठी मजकूर मंगलमध्ये १० आकाराचाच येतो. का?

---

शिरोरेघ:

वर्डमध्ये देवनागरीचा फॉन्ट आणि आकार वेगळ्या कप्प्यात असतो. शैली बदलताना फॉन्टच्या खिडकीत खाली 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' असा भाग दिसेल. तुम्ही वरचा, लॅटिनचा भाग बदललात. दोन्ही भरा, दोन्हीत आकार टाका. नंतर जतन करण्याच्या पर्यायांत 'फॉन्ट फाइलमध्ये जोडा' चालू करा, नाहीतर आवक-जावकच्या संगणकावर परत तेच होईल. आणि टेम्प्लेट डॉटएक्स (.dotx) म्हणूनच जतन करा, साधी फाइल दिली तर पहिला लिपिकच त्यावर पत्र टाइप करून 'सेव्ह' करतो.

---

दप्तरबंद:

पुस्तिका १०० पानांची मागत असतील तर द्या, पण आतली कामाची पानं सुटी करा. पहिला भाग दोन पानांचा: चिन्ह, रंग, फॉन्ट, काय करू नये. तो प्रत्येक निविदेला तांत्रिक परिशिष्ट म्हणून जोडायचा आणि देयकाची अट त्यातच घालायची: नमुन्याला मंजुरी नाही तर देयक नाही. निविदेबाहेरची पुस्तिका ठेकेदार उघडत नाही.

दुसरा भाग लेटरहेड आणि टिपणीचा. डावा समास ३५ मिमी, कारण तिथे फाइलचं भोक पडून टॅग जातो. वरचा पट्टा ३५ मिमीपेक्षा उंच नको. जा.क्र. आणि दिनांकाची जागा ठरलेली. कागद ८० जीएसएम. उठावाची छपाई नको, लेझर प्रिंटरच्या उष्णतेने ती वितळून ड्रमला चिकटते.

चिन्ह सर्वसाधारण सभेच्या ठरावाने मंजूर करून घ्या, ठरावाला रेखाचित्र जोडा. तुमच्या करारात कलाकृतीचे हक्क आणि मूळ फाइली परिषदेकडे, असं लिहा. जुनी छापील स्टेशनरी फेकू नका, संपेपर्यंत वापरा, नाहीतर लेखापरीक्षणात आक्षेप निघेल. राजमुद्रेचं लेटरहेड मात्र अपवाद, ते थांबवा आणि नोंद करून बाद करा.

फलकाबाबत शेवटचं. पदाधिकाऱ्यांची नावं आणि फोटो मूळ फलकावर छापू नका. खाली वेगळी स्क्रूची पट्टी द्या, १५० मिमी उंचीची. आचारसंहिता लागली की पट्टी काढायची, अख्खा फलक कापडाने झाकायचा नाही. जाहिरातींतल्या फोटोंवर सर्वोच्च न्यायालयाचे १३ मे २०१५ चे निर्देश आहेत, २०१६ मध्ये सुधारलेले, ते विधी सल्लागाराला दाखवून घ्या.

---

कटिंगवाला:

ती पट्टी तीन मिमी एसीपीची (अॅल्युमिनियमच्या संमिश्र पत्र्याची) असेल तर चार स्क्रू पुरत नाहीत, मध्यभागी फुगते. दर ४०० मिमीला एक स्क्रू घ्या, आणि डोकी पट्टीच्याच रंगात पावडर कोट करून मागवा.