डीबगरमध्ये एरर कुठे फेकावी आणि कुठे परत करावी?

रावपुऱ्याहून (प्रश्न)

सप्रेम नमस्कार. मी येथेच वडोदऱ्यात अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असून प्रकल्प म्हणून लिनक्सवर चालणारा एक लहानसा डीबगर (दुसऱ्या प्रोग्राममधील चुका शोधण्याचे साधन) सी प्लस प्लसमध्ये लिहीत आहे. ब्रेकपॉइंट (प्रोग्राम थांबवण्याची खूण) लावणे, व्हेरिएबलची मूल्ये दाखवणे आणि कॉल स्टॅक (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावले याची साखळी; तिची एकेक कडी म्हणजे फ्रेम) छापणे इतके जमले आहे. अडचण एरर हाताळण्याची आहे. पीट्रेसचा (दुसऱ्या प्रोग्रामची मेमरी वाचू देणाऱ्या लिनक्सच्या सोयीचा) कॉल जिथे अयशस्वी होतो तिथे मी सरळ एक्सेप्शन (कोणी पकडेपर्यंत वर जाणारी अपयशाची सूचना) फेकतो आणि ते कमांड वाचणाऱ्या मुख्य लूपमध्ये पकडतो. त्यामुळे एखाद्या स्ट्रक्चरमधला (अनेक सदस्यांच्या गटातला) एकच पॉइंटर (मेमरीचा पत्ता) बिघडलेला असला तरी बाकीच्या चांगल्या सदस्यांची मूल्येही पडद्यावर येत नाहीत, नुसती ‘मेमरी वाचता आली नाही’ एवढी ओळ येते.

माझ्या मार्गदर्शकांच्या मते प्रत्येक फंक्शनने यशापयशाचा कोड परत करावा. तसे करून पाहिले, तर निम्मा कोड तपासण्यांनीच भरून गेला. जीडीबी या प्रचलित डीबगरचा सोर्स चाळला तेव्हा गोंधळ आणखी वाढला, कारण तिथे मेमरी वाचणारे एक फंक्शन कोड परत करते आणि तेच काम करणारे दुसरे फंक्शन एक्सेप्शन फेकते. ही जाणूनबुजून पाळलेली शिस्त आहे, की जुन्या कोडचा नुसता साठा?

मांजलपूरहून

थोडा साठा आहे, पण मुख्यतः शिस्तच आहे. जीडीबी १९८६ मध्ये सी भाषेत सुरू झाला आणि एरर आली की लाँगजंप (मधली फंक्शने ओलांडणारी सी भाषेतली उडी) करून थेट कमांडच्या पातळीवर परतायचे, ही त्याची जुनी रीत होती. वाटेत घेतलेली मेमरी व उघडलेल्या फाइल्स सोडवण्यासाठी प्रत्येक फंक्शनला ‘क्लीनअप’ची एक साखळी हाताने सांभाळावी लागे. २०१७ च्या ८.० आवृत्तीपासून सी प्लस प्लस ११ चा कंपायलर अनिवार्य झाला, पुढे ती साखळी काढून टाकण्यात आली आणि डिस्ट्रक्टरांनी (वस्तू संपताना आपोआप चालणाऱ्या फंक्शनांनी) तिची जागा घेतली. बाहेरचा साचा मात्र तोच राहिला: एक कमांड अयशस्वी झाली तरी डीबगर आणि त्याच्या ताब्यातला प्रोग्राम, दोघेही जिवंत राहिले पाहिजेत.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. इतर बहुतेक प्रोग्राममध्ये मेमरी वाचता न येणे ही दुर्घटना असते. डीबगरमध्ये ते अनेकदा उत्तरच असते. प्रोग्राम बिघडला आहे म्हणूनच तर माणूस डीबगर उघडतो, तेव्हा बिघडलेला पॉइंटर भेटणे हे अपेक्षितच धरले पाहिजे. म्हणून अगदी खालच्या थराने काहीही न फेकता ‘इतके बाइट मिळाले, पुढचे मिळाले नाहीत, कारण हे’ एवढेच सांगावे. त्या अपयशाचा अर्थ काय, हे त्याला ठाऊक नसते. त्याच्यावर एक पातळ थर असावा, जो हाच निकाल पाहून एक्सेप्शन फेकतो. ज्या कमांडला ती मेमरी मिळाल्याशिवाय पुढे जाताच येत नाही, तिने तो वापरावा. आपल्याला दिसलेली दोन फंक्शने म्हणजे हेच दोन थर आहेत.

मूल्ये छापणारा भाग मात्र प्रत्येक सदस्याभोवती स्वतंत्रपणे एरर पकडतो आणि त्या सदस्याच्या जागी कोनी कंसात ‘अमुक पत्त्यावरची मेमरी वाचता येत नाही’ असे लिहून पुढच्या सदस्याकडे वळतो. कंपायलरने काढून टाकलेल्या व्हेरिएबलसाठी ‘ऑप्टिमाइझ्ड आउट’ असा वेगळा शिक्का आहे, कारण तिथे काहीही बिघडलेले नसते. कॉल स्टॅकचेही तसेच: वरची फ्रेम का मिळाली नाही याचे कारण फ्रेमबरोबरच नोंदवलेले असते. सर्वांत बाहेरची फ्रेम आली, परतीचा पत्ता सापडला नाही, मेमरी वाचता आली नाही, आधीचीच फ्रेम पुन्हा आली, अशी ती कारणे आहेत, आणि तोवर मिळालेल्या फ्रेम वाया जात नाहीत.

पीट्रेसबद्दल एक सूचना, कारण खालचा थर बहुधा इथेच चुकतो. वाचलेला शब्द आणि अपयशाची खूण, दोन्ही एकाच परत आलेल्या मूल्यातून येतात; म्हणजे उणे एक हा खरा डेटाही असू शकतो. कॉलच्या आधी एररनो (शेवटच्या एररचा क्रमांक ठेवणारे व्हेरिएबल) शून्य करून नंतर तो तपासल्याखेरीज फरक कळत नाही. शिवाय ६४-बिट यंत्रावर एका वेळी आठ बाइट वाचले जातात, त्यामुळे पेजच्या (मेमरीच्या ठरावीक आकाराच्या तुकड्याच्या) अगदी शेवटी असलेली लहान स्ट्रिंग वाचताना तो शब्द पुढच्या, अस्तित्वात नसलेल्या पेजमध्ये शिरतो आणि हवे ते बाइट शाबूत असूनही संपूर्ण वाचन अयशस्वी ठरते. पत्ता आठच्या पटीत खाली ओढून वाचावे, म्हणजे हा प्रश्न उरत नाही.

आपल्या मार्गदर्शकांशी वाद घालू नका. खालच्या थरापुरते ते बरोबरच आहेत.

अलकापुरीहून

वरच्या उत्तराशी बव्हंशी सहमत आहे, मात्र एक्सेप्शनचा थर गृहीत धरू नये असे मला वाटते. एलएलडीबी या दुसऱ्या डीबगरमध्ये एक्सेप्शन मुळीच नाहीत. तो ज्या कंपायलर-प्रकल्पाचा भाग आहे त्या एलएलव्हीएमच्या परंपरेप्रमाणे तो त्यांच्याविनाच कंपाइल होतो. तिथे फंक्शन एकतर मूल्य देते किंवा एरर-वस्तू देते, आणि ती वस्तू न तपासता टाकून दिली तर तपासणीसह बांधलेल्या आवृत्तीत प्रोग्राम तिथेच थांबवला जातो. म्हणजे ‘तपासायला विसरलो’ हा कोड परत करण्याच्या पद्धतीतला सर्वांत मोठा धोका बराचसा टळतो. यामागचे कारण नुसती आवड नाही. एलएलडीबी ही लायब्ररी म्हणून एक्सकोडसारख्या संपादकाच्या मागे काम करते, तेव्हा डीबगरने स्वतःचीच एखादी अट मोडली म्हणून प्राण सोडला तर त्या माणसाचे न जतन केलेले कामही जाऊ शकते.

जीडीबीतही स्वतःच्या दोषासाठी निराळा मार्ग आहे. आतली एखादी अट मोडली की तो ‘जीडीबीच्या आत बिघाड आढळला, यापुढील डीबगिंग विश्वासार्ह नसेल’ असे कळवून सत्र बंद करायचे का, हे विचारतो. आपण कोणतीही पद्धत निवडा, पण समोरच्या प्रोग्रामचा बिघाड आणि आपल्या डीबगरचा बिघाड एकाच प्रकारात घालू नका. चुकीची डीबग-माहिती असलेली फाइल वाचताना असर्ट (अट मोडली की प्रोग्राम बंद पाडणारी तपासणी) लावणे ही नवख्यांची नेहमीची खोड आहे. फाइल बाहेरून आलेली असते, ती कशीही असू शकते.

रावपुऱ्याहून

दोघांचेही मनःपूर्वक आभार. दोन थरांची मांडणी स्वीकारतो. आणखी एक शंका आहे. लांबलचक कॉल स्टॅक छापत असताना काम थांबवण्यासाठी कंट्रोल-सी दाबले, तर सदस्यागणिक लावलेले ते पकडण्याचे सापळे तेही गिळून टाकतील ना? आणि कमांड वाचण्यासाठी मी रीडलाइन ही ओळ वाचणारी लायब्ररी वापरत आहे; तिच्याबाबत काही जपावे लागते का.

मांजलपूरहून

गिळतील, म्हणून जीडीबीने एरर आणि व्यत्यय असे दोन वेगळे वर्ग ठेवले आहेत. सदस्य छापणाऱ्याने फक्त एरर पकडावी. व्यत्यय वरपर्यंत जाऊ द्यावा. सिग्नल हँडलरमधून (कंट्रोल-सी दाबताच चालणाऱ्या फंक्शनमधून) काहीही फेकू नका, तिथे केवळ खूण करून ठेवा आणि लांब लूपमध्ये सुरक्षित जागी ती तपासा.

रीडलाइन ही सी भाषेतली लायब्ररी आहे आणि ती सहसा एक्सेप्शन आरपार जाऊ देण्याच्या बेताने कंपाइल केलेली नसते. तिने बोलावलेल्या आपल्या फंक्शनमधून एक्सेप्शन बाहेर पडता कामा नये. ते आतच पकडून जपून ठेवावे आणि रीडलाइनमधून बाहेर आल्यावर पुन्हा फेकावे. जीडीबी हेच करतो, आणि रीडलाइन ओलांडण्यापुरता तिथे जुना लाँगजंप अजून टिकून आहे.

शेवटचे म्हणजे ब्रेकपॉइंट ओलांडताना आपण मूळ बाइट परत ठेवून एक सूचना चालवता व मग इंट-३ (ब्रेकपॉइंटच्या जागी ठेवलेली थांबण्याची सूचना) पुन्हा लावता. या मधल्या क्षणी एरर फेकली गेली तर तो ब्रेकपॉइंट निमूटपणे नाहीसा होतो. पुन्हा लावण्याचे काम डिस्ट्रक्टरकडे द्या, पण त्या डिस्ट्रक्टरमधून काहीही फेकले जाणार नाही याची खात्री करा, कारण प्रोग्राम तेवढ्यात संपलेला असू शकतो आणि मग पीट्रेस ‘अशी प्रक्रिया नाही’ एवढेच सांगेल. ते उत्तर तिथे शांतपणे नोंदवून सोडून द्यावे. डिटॅच करण्याआधी (प्रोग्राम ताब्यातून सोडण्याआधी) मात्र सर्व ब्रेकपॉइंट काढलेच पाहिजेत. एखादा राहून गेला, तर सोडलेला प्रोग्राम त्या जागी पोहोचताच सिगट्रॅप सिग्नलने मरेल.