'टेनेब्रस' संस्कृतातून उचललेला नाही

रातकिडा:
कालची पोस्ट वाचून राहवलं नाही. तिथे ठोकून दिलंय की इंग्रजीतला 'टेनेब्रस', म्हणजे काळोखी, हा शब्द आपल्या संस्कृत 'तमिस्रा'वरून, म्हणजे काळोख या अर्थाच्या शब्दावरून, उचलला. साफ चूक. इंग्रजीने तो जुन्या फ्रेंचकडून घेतला आणि फ्रेंचला तो लॅटिनच्या 'टेनेब्रे'पासून मिळाला. 'टेनेब्रे' आणि 'तमिस्रा' बहिणी आहेत, मायलेकी नव्हेत. संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांचा उगम एकच असावा, हे भाषाभ्यासक विल्यम जोन्सने १७८६ मध्येच कोलकात्यात सांगितलं होतं.

तिमिरभास्कर:
संस्कृत सगळ्यांत जुनी, तर तिच्यातूनच गेला असणार. आमचे आजोबा संस्कृत शिकवायचे. ते हेच सांगत.

रातकिडा:
आजोबांबद्दल आदर आहे, पण संस्कृत थोरली मानली, तरी बहीण आई होत नाही. दोघींच्या मूळ शब्दातल्या 'स्र'चा 'टेनेब्रे'त 'ब्र' कसा झाला ते बघा. लॅटिनमध्ये शब्दाच्या पोटातला 'स्र' असाच बदलतो. आपली 'स्वसृ', म्हणजे बहीण, तिथे 'कोन्सोब्रिनुस'मध्ये दडलीय. अर्थ मावसभावंड. तोच झिजून 'कझिन' झाला! जर्मन 'डेमरुंग', म्हणजे संधिप्रकाश, तोही 'तमस्'च्याच कुळातला. तो पण आपणच दिला म्हणणार?

कुडाळकरीण:
तमिस्रा घरात बोलतं कोण? आमच्याकडे वीज गेली की 'काळोख झालो'. पाचवीत निबंधात 'काळोख' लिहिलं, तर बाईंनी लाल शाईने खोडून 'अंधार' केलं. वर्गासमोर 'गावंढळ' म्हणाल्या. अजून विसरले नाही.

वऱ्हाडी_माणूस:
आमच्या घरी अंधारच. मला तर 'काळोख' कवितेतला वाटतो.

कुडाळकरीण:
कवितेतला? माझी आजी शाळेची पायरी चढली नव्हती. कंदील घेऊन गोठ्यात जाताना ती 'काळोखात खंय जातंस' म्हणायची. तिने कविता वाचली होती?

वऱ्हाडी_माणूस:
चिडू नका. माझ्या कानाला तसं वाटतं, एवढंच म्हटलं. बाईंचं चुकलंच.

रातकिडा:
धागा टेनेब्रसचा आहे हो!

कुडाळकरीण:
मग एक शब्द शुद्ध, दुसरा अशुद्ध हे कोण ठरवतं, तेही याच धाग्यात बोलूया. संस्कृतला सगळ्यांची आई करणारे आणि माझा शब्द खोडणारे एकाच शाळेतले.

तिमिरभास्कर:
मी कुणाचा शब्द खोडला नाही. 'कझिन'चं पटलं, ठीक आहे, 'उचलला' मागे घेतो. पण मूळ एकच, हे तरी बरोबर होतं ना?

रातकिडा:
होतं.

कुडाळकरीण:
आणि काळोख?

तिमिरभास्कर:
काळोखही शुद्धच.