नारळी पौर्णिमेचे फलक: मार्कंडेय ऋषींचं काय महाभारतातलं, काय पुराणातलं?

पूर्वभाग_सोलापूर
नारळी पौर्णिमेच्या मार्कंडेय रथोत्सवात वाटेवर लावायला सहा फलक करतोय. प्रत्येकी ३ बाय ४ फूट, वर मराठी, खाली तेलुगू. जमलेल्या मजकुरात यमाचा पाश, वटपत्रावरचं बाळ, युगांची वर्षं, देवीची सप्तशती, भावनाऋषी हे सगळं 'महाभारतात सांगितले आहे' या एकाच शीर्षकाखाली आलंय. नेमकं कुठलं कुठे आहे? आणि चित्रकार विचारतोय, ऋषी म्हातारे काढू की तरुण?

पोथीवाचक
ते शीर्षक आधी काढा. सोळा वर्षांचं आयुष्य, मृकंडूंचा मुलगा, यम न्यायला आल्यावर शिवाच्या पिंडीला मारलेली मिठी ही कथा पुराणांतली. महाभारतात मार्कंडेय भेटतात ते वनपर्वात. पांडव काम्यकवनात आहेत, कृष्ण आणि सत्यभामा भेटायला आलेत, तेव्हा ते येतात. हजारो वर्षांचे, पण दिसायला पंचविशीतले. मूळ शब्दच 'पञ्चविंशकः' असा आहे. त्यामुळे वनपर्वाच्या फलकावर पांढरी दाढी आणि काठी नको. यमाच्या फलकावर सोळा वर्षांचा मुलगा, इथे तरणेबांड ऋषी.

वटपत्राची गल्लत तर सगळीकडे होते. वनपर्वात प्रलयाच्या पाण्यात भटकताना त्यांना वड दिसतो आणि फांदीवर अंथरलेल्या पलंगावर बाळ. ते तोंड उघडतं, हे आत जातात, पोटात अख्खं जग पाहतात, शंभराहून जास्त वर्षं हिंडूनही शेवट लागत नाही. वडाचं पान आणि तोंडात धरलेला पायाचा अंगठा हे भागवताच्या बाराव्या स्कंधातलं. चित्रात पान हवं असेल तर खाली 'भागवत' लिहा. पान रंगवून खाली 'वनपर्व' लिहिलं की चूक.

आणि एक फलक सावित्रीला द्याच. जयद्रथाने द्रौपदीला पळवल्यानंतर युधिष्ठिर खचून विचारतो, माझ्याएवढा दुर्दैवी कोणी झालाय का? तेव्हा मार्कंडेय रामकथा सांगतात. मग द्रौपदीसारखी पतिव्रता झाली का, असं विचारल्यावर सावित्रीची. आपल्याकडच्या प्रत्येक वटपौर्णिमेची कथा या ऋषींच्या तोंडची आहे, हे कितीजणांना माहीत असतं?

गणित_पोथीचं
युगांच्या आकड्यांवर नजर ठेवा. वनपर्वात कृत ४०००, त्रेता ३०००, द्वापर २०००, कली १००० वर्षं. प्रत्येकाला आधी संध्या आणि नंतर संध्यांश असे दोन संधिकाळ, प्रत्येकी युगाच्या दहाव्या भागाएवढे. म्हणजे कृताला ४०० अधिक ४००, कलीला १०० अधिक १००. बेरीज १२,०००. पंचांगात कली ४,३२,००० वर्षांचा दिसतो, कारण तिथे ही दिव्य, म्हणजे देवांची, वर्षं धरून त्यांना ३६० ने गुणलेलं असतं: १२०० × ३६०. एकाच फलकावर दोन्ही आकडे नकोत. मार्कंडेयांना 'सर्वांत वृद्ध' असंही लिहू नका. वनपर्वातल्याच इंद्रद्युम्न राजाच्या गोष्टीत त्यांच्याहून आधी जन्मलेले तिघे आहेत: हिमालयातलं घुबड, नाडीजंघ बगळा आणि अकूपार कासव.

पूर्वभाग_सोलापूर
आकडे दुरुस्त केले. सप्तशती आणि भावनाऋषींचं काय करू?

पोथीवाचक
सप्तशती मार्कंडेय पुराणातली, अध्याय ८१ ते ९३. पण सुरथ राजा आणि समाधी वैश्य यांना ती सांगतात मेधा ऋषी. मार्कंडेय ही कथा आपला शिष्य क्रौष्टुकीला ऐकवतात, तेव्हा 'मार्कंडेयांनी सुरथाला सांगितली' हे वाक्य बदला.

कमळाच्या तंतूंपासून देवांसाठी वस्त्र विणणारे भावनाऋषी पद्मशाली या विणकर समाजाच्या परंपरेतले. त्यांना महाभारतात ओढून आणू नका. 'पद्मशाली परंपरेनुसार' लिहा आणि तो फलक सगळ्यात मोठा करा. ज्या गावात घराघरात माग चालला, तिथे त्याचा मान तेवढा आहेच.

अक्षर_आखणी
मजकूर मराठीत ४० शब्दांच्या आत ठेवा. एक इंचाचं अक्षर दहा फुटांवरून सहज वाचता येतं, रस्त्यापलीकडून वाचायचं तर दोन इंच हवं. जुन्या टायपिंगमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना 'मार्कंडेय'मधला रफार घसरून भलत्याच अक्षरावर बसतो, अनुस्वार गळतो. तेलुगूचं प्रूफ तेलुगू वाचणाऱ्यालाच दाखवा. छपाईला फाईल पीडीएफमध्ये द्या, उघडी दिली की दुकानातल्या संगणकावर फाँट बदलतो आणि जोडाक्षरं फुटतात.