'खून करू नको' या आज्ञेत नेमके काय मना आहे?

प्रश्न:
बायबलच्या निर्गम या पुस्तकात (२०:१३) 'खून करू नको' अशी आज्ञा आहे, आणि लगेच पुढच्या अध्यायात काही अपराधांसाठी देहान्त शिक्षा सांगितली आहे. १६११ च्या इंग्रजी भाषांतरात तर या आज्ञेत 'खून' नव्हे, नुसते 'ठार मारणे' या अर्थाचे क्रियापद आहे. हा भेद मूळ शब्दातच आहे, की भाषांतरकारांनी अडचण टाळण्यासाठी केलेला आहे?

उत्तर १:
मूळ हिब्रू क्रियापद 'रात्साख' आहे. रणांगणावर शत्रूला मारण्याच्या वर्णनात ते येत नाही. तिथे 'हारग' किंवा अन्य सामान्य शब्द येतात. उलट राणी ईजबेलने नाबोथाला खोट्या साक्षीवरून दगडमार करवला आणि तिचा नवरा राजा अहाब याने नाबोथाचा द्राक्षमळा बळकावला, तेव्हा एलीया संदेष्ट्याने अहाबाला जाब विचारताना हेच क्रियापद वापरले आहे. म्हणून मराठीतले 'खून' मला अधिक योग्य वाटते.

उत्तर २:
शब्दावर इतका भार टाकता येईल असे मला वाटत नाही. बायबलच्याच गणना या पुस्तकाच्या ३५ व्या अध्यायात चुकून मनुष्यवध करणाऱ्यालाही याच धातूवरून आलेला शब्द लावला आहे, आणि तिसाव्या वचनात खुन्याला देहान्त देण्यासाठीही तोच धातू आहे. काईनाने आपला भाऊ हाबेल याला मारले तिथे मात्र 'हारग' आहे, आणि त्याला खून म्हणायला कोण कचरेल? भेद ठरतो तो परिस्थितीवरून. बायबलच्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायातला दाखला पाहा: दोघे रानात लाकडे तोडायला गेले, कुऱ्हाडीचे पाते दांड्यातून निसटून सोबत्याला लागले आणि तो मेला. आधीचे वैर नव्हते, म्हणून मारणाऱ्याने शरणपुरात, म्हणजे चुकून मनुष्यवध करणाऱ्याला आसरा देणाऱ्या नेमलेल्या नगरात, पळून जावे. तेच दबा धरून मारले असेल तर शरणपुरातूनही त्याला ओढून आणायचे. सेनापती अबनेराने दावीदाचा सेनापती यवाब याच्या भावाला लढाईनंतरच्या पाठलागात, मागे फिर असे दोनदा बजावून मगच मारले. त्याचा सूड म्हणून यवाबाने अबनेराला बोलण्याच्या निमित्ताने हेब्रोनच्या वेशीत बाजूला नेऊन भोसकले. राजा दावीद पुढे १ राजे २:५ मध्ये म्हणतो की यवाबाने युद्धातले रक्त शांततेच्या काळात सांडले. हेब्रोन हे सहा शरणपुरांपैकीच एक, हेही विसरू नये.

प्रश्नकर्ता:
हे पटले. पण कुऱ्हाडीचे पाते निसटलेला माणूस जर निर्दोष असेल, तर त्याला महायाजकाच्या मृत्यूपर्यंत शरणपुरातच का राहावे लागते?

उत्तर २:
कारण नियमशास्त्र त्याला खुनी मानत नसले, तरी काहीच घडले नाही असेही मानत नाही. शरणपुराच्या हद्दीबाहेर तो सापडला आणि सूड घेणाऱ्या नातलगाने त्याला मारले, तर त्या नातलगावर रक्ताचा दोष येत नाही. खुन्याचा जीव खंडणी घेऊन सोडायचा नाही, असे गणना ३५:३१ सांगते. आणि लगेच पुढचे वचन या माणसालाही खंडणी भरून लवकर घरी परतण्याची मुभा देत नाही.