बरड माळावर वाळक्या चाऱ्यासाठी कोणते गवत पेरावे?

प्रश्न (खटावचा माळ):
सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यात आमची सुमारे तीन एकर उताराची मुरमाड बरड आहे. वरच्या अंगाला मातीचा थर वीतभरही नाही, खालच्या बांधालगत मात्र थोडी काळी माती साठली आहे. पाण्याची सोय नाही. सध्या तेथे कुसळी गवत तुरळक उगवते आणि ते गावची जनावरे चरून जातात. गायी आणि शेळ्यांना उन्हाळ्यात पुरेल इतका वाळका चारा येथेच व्हावा, अशी इच्छा आहे. काही जण संकरित नेपियर लावण्यास सांगतात, तर बियाणे विक्रेते अंजन गवत सुचवतात. यांपैकी कोणते निवडावे आणि पेरणी कशी करावी?

उत्तर १ (कोरडवाहू):
नेपियरचा विचार सोडून द्यावा. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा ‘फुले जयवंत’ हा वाण चांगला आहे, परंतु तो बागायती जमिनीचा आणि हिरव्या चाऱ्याचा. आपल्या वरच्या अंगाला अंजन शोभेल, कारण ते हलक्या, निचऱ्याच्या जमिनीत तग धरते आणि एकदा बसले की अनेक वर्षे टिकते. बांधालगतच्या काळ्या मातीत मात्र अंजनाऐवजी मारवेल गवताचे मुळ्यांसकट ठोंब लावावेत. पाणी साचून राहिलेले अंजनाला मानवत नाही. अंजनाच्या दोन ओळींमागे एक ओळ स्टायलोची घ्यावी. हे द्विदल असल्याने चाऱ्यातील प्रथिने वाढतात, आणि नुसत्या गवतावर जनावर पोट भरूनही रोडावते, ती अडचण बऱ्याच अंशी दूर होते.

उत्तर २ (गवताळ):
निवडीशी सहमत आहे, परंतु अशी लागवड बहुधा पेरणीतच फसते. अंजनाचे नुकतेच काढलेले बी सुप्तावस्थेत असते, त्यामुळे मागील हंगामाचे बी मागावे. ते केसाळ व हलके असल्याने हाताने फेकले तर वाऱ्यावर उडते किंवा त्याचे पुंजके पडतात. म्हणून ओलसर बारीक मातीत कालवून ते उथळ ओळींत टाकावे आणि वरून जेमतेम एक सेंटिमीटर माती येईल अशा बेताने काटेरी फांदी ओढावी. खोल गेलेले बी वर येत नाही. एकरी दोन किलो बी पुरते. स्टायलोच्या बियांचे कवच कठीण असते. त्या सुमारे ८० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात तीन-चार मिनिटे ठेवून लगेच थंड पाण्यात काढाव्यात आणि सावलीत वाळवून पेराव्यात. पेरणी चांगला पाऊस झाल्यावर, परंतु जूनअखेर ते जुलैच्या पूर्वार्धात उरकावी. पहिल्या वर्षी चराई पूर्ण बंद ठेवावी, कारण मुळे धरण्यापूर्वीच शेळी रोप उपटून खाते.

उत्तर ३ (माळरान):
वरील दोन्ही उत्तरे उपयुक्त आहेत, तरीही सगळा माळ नांगरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. उतारावरची पातळ माती एकदा मोकळी झाली की पहिल्या मोठ्या पावसात ती बांधावरून खाली जाते, आणि मग कोणतेही बी उपयोगाचे राहत नाही. आधी चराई थांबवून एक पावसाळा निरीक्षण करावे. कुसळीच्या आडोशाला पवन्या किंवा मारवेल या चांगल्या गवतांची बेटे दडलेली असतात. चराई थांबली की ती आपोआप पसरतात. पेरणी फक्त उघड्या पट्ट्यांवर, उताराला आडव्या ओळींत करावी. कुसळीला तर सरसकट वाईट ठरवू नये: कोवळेपणी ती जनावरे आवडीने खातात, फक्त कुसळे कठीण झाल्यावर ती तोंडात आणि शेळ्यांच्या अंगात रुततात.

प्रश्नकर्ता:
मग कापणी नेमकी केव्हा करावी? आमच्याकडे दिवाळीनंतर कापण्याची रीत आहे.

उत्तर २ (गवताळ):
दिवाळीनंतर हाती येते ते बहुतेक काड असते, कारण बी पक्व होताना सत्त्व पानांतून निघून गेलेले असते. गवत फुलोऱ्यात येताच, साधारणपणे सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला, पावसाची उघडीप पाहून वीतभर उंच बुडखा राखून कापावे. दोन-तीन दिवस उलटेपालटे करून वाळवावे, पेंढ्या बांधाव्यात आणि ओलसरपणा पूर्ण गेल्यावरच गंजी रचावी. दमट गंजीला बुरशी धरते व ती आतून तापते. पुढच्या वर्षी बी पडावे म्हणून एखादा पट्टा मात्र न कापता पिकू द्यावा.