गोव्यातल्या डिचोलीचा खाणगाळ भट्टीत घालावा का?
(तिघांची चर्चा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

पाटाचं पाणी
आमचं वायंगणाचं, म्हणजे उन्हाळी भाताचं, शेत डंपाच्या, म्हणजे खाणीतून काढून टाकलेल्या मातीच्या ढिगाच्या, पायथ्याशी आहे. पावसाळा ओसरला की भातखाचरात वाहून आलेल्या गाळाची बोटभर जाडीची लाल साय उरते. ओली असताना ती पिठासारखी मऊ लागते, वाळली की खापरीसारखे तुकडे पडतात. त्या सायीखाली बी रुजत नाही.

गोव्यात एक टन लोहखनिजामागे अडीच-तीन टन माती बाहेर टाकावी लागते. राज्यातल्या डंपांचा आकडा सत्तर कोटी टनांच्या वर सांगतात. 2012मध्ये खाणी थांबल्या, मग सुरू झाल्या, 2018मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 लीज रद्द केली, आता लिलाव होऊन पुन्हा सुरू होताहेत. डंप मात्र जागचे हलले नाहीत. या गाळात लोहाबरोबर केओलिनाइट आहे, म्हणजे चिनी मातीच्या कुळातलं खनिज. तो भाजून विटा, फरश्या, कौलं का करू नयेत? चिरेखाणींनी, म्हणजे जांभ्याचे चिरे काढणाऱ्या खाणींनी, आपले माळ किती पोखरले ते बघा. एका चिऱ्याची जागा सात-आठ विटा भरून काढतात. म्हणजे तितका माळ वाचतो.

खानापुरी कौल
मी कौलांच्या कारखान्यात अठरा वर्षं भट्टी सांभाळली, म्हणून लिहितो. कल्पना चांगली आहे, पण गाळ थेट साच्यात घालून कौल होत नाही. आमच्या मातीत लोह पाच-सात टक्के असतं, तेवढ्याने कौलाला रंग येतो. खाणगाळात ते कितीतरी जास्त. भट्टीत हवा कमी पडली की हेच लोह वितळायला मदत करतं, माल फुगतो, कौल मोडलं तर आतला गाभा काळा निघतो. शिवाय गाळ फार बारीक. बारीक माती पाणी जास्त धरते आणि सुकताना जास्त आकसते. मांडणीवर ठेवलेली कच्ची वीट दुसऱ्या दिवशी कोपऱ्यातून तडकलेली दिसते, ती याचमुळे. चांगल्या मातीत थोडा थोडा मिसळत न्यावा लागेल. जिथे वीट तडकायला लागेल तिथे थांबायचं.

लाल माती
माझा विरोध आहे, आणि तो भट्टीशी नाही.

"कचरा" हा शब्दच आधी तपासा. चीनची मागणी वाढली तेव्हा आधी टाकून दिलेलं कमी प्रतीचं खनिज याच डंपांतून उपसून बोटीत भरलं गेलं. भाव चढला की कचऱ्याचा माल होतो. उद्या वीट-कारखान्याच्या नावाने डंप उपसायची परवानगी मिळाली, तर विटा किती होतील आणि खनिज म्हणून बार्जमधून किती जाईल, हे कोण मोजणार? शिवाय उपसताना सुटलेली माती पहिल्या पावसात पुन्हा तुमच्याच खाचरात येईल.

आता हिशेब. एक वीट साधारण तीन किलोची. वर्षाला एक कोटी विटा पाडल्या तरी तीस हजार टनच माती लागते, आणि ती सगळीच गाळाची धरली तर. सत्तर कोटी टनांपुढे हे काहीच नाही. "आम्ही कचरा वापरतो" एवढा फलक मात्र लावता येईल आणि त्याच्या आडून नवी खाण मागता येईल. मला भीती त्याची आहे.

पाटाचं पाणी
हिशेब मान्य. पण मी सगळे डंप संपवायला निघालेलो नाही. शेतात आणि ओहोळात साचलेला गाळ उपसून टाकायचा कुठे, हा माझा प्रश्न आहे. आज तो बांधावर काढतात आणि जूनमध्ये तो परत खाली येतो. औष्णिक वीजकेंद्रांची राख आठवा. 1999मध्ये केंद्राने पन्नास किलोमीटरच्या आतल्या वीटभट्ट्यांना ती मिसळणं बंधनकारक केलं, त्यानंतर तिला गिऱ्हाईक मिळालं. तसा नियम इथे का नको?

लाल माती
राखेच्या बऱ्याच विटा चुना-सिमेंटने बांधतात, भाजत नाहीत. तुम्हाला हजार अंशांच्या आसपास भट्टी हवी. जळण कुठून आणणार, सत्तरी तालुक्याच्या रानातून?

खानापुरी कौल
जळणाचा मुद्दा खरा आहे, आणि वाहतुकीचाही. गाळ ओला असतो. ट्रकच्या भाड्यात निम्मं पाणी वाहून नेऊन कोणाला परवडेल? भट्टी गाळाजवळच हवी. मी तर विटेऐवजी फरशीपासून सुरुवात करीन. ती पातळ असते, भाव जास्त मिळतो, गडद तांबडा रंगही खपतो. विटेची परीक्षा सोपी आहे. चोवीस तास पाण्यात ठेवा. वजनाच्या वीस टक्क्यांहून जास्त पाणी प्यायली तर साध्या बांधकामालाही नको. तुम्ही एक पोतं गाळ द्या. दहा, वीस, तीस टक्के मिसळून भाजून बघतो.

पाटाचं पाणी
देतो. शेतातला देईन, डंपातला नाही.

लाल माती
शेतातलाच असेल तर माझी हरकत नाही. फक्त भाजलेले तुकडे कुटून पाण्यात ठेवा आणि त्या पाण्यातलं मँगनीज तपासून घ्या. आपल्या खनिजात ते असतं. ती फरशी कोणाच्या तरी स्वयंपाकघरात बसणार आहे.