मदत हवी आहे: १८५ च्या केबलला थिंबल मारायला हायड्रॉलिक क्रिंपिंग मशीन कोणतं घ्यावं? (दरवर्षी एकच फेज जळतो)

नदीकाठ

नमस्कार मंडळी. शिरोळ तालुक्यात कृष्णेवर आमची छोटी उपसा सिंचन संस्था आहे. ६० एचपीच्या दोन मोटरी, २०० केव्हीएची डीपी (ट्रान्सफॉर्मर). मीटरपासून आमच्या पॅनेलपर्यंत साडेतीन कोअर (तीन फेजच्या आणि एक बारीक न्यूट्रलची) १८५ चौरस मिमीची ॲल्युमिनियम आर्मर्ड केबल आहे. पॅनेलपासून मोटरींना ५० ची तीन कोअर, स्टार-डेल्टा असल्यामुळे प्रत्येक मोटरीला दोन-दोन.

नदीकाठच्या लोकांना सांगायला नको, जूनमध्ये मोटरी काढून वर आणायच्या आणि पावसाळा सरला की परत उतरवायच्या. २०१९ च्या महापुरात पॅनेलसुद्धा बुडालं होतं, आता ते उंच चौथऱ्यावर आहे. काढताना मोटरीकडची थिंबलं (तारेच्या टोकाला दाबून बसवलेली, बोल्टाचं भोक असलेली नळीची टोकं) कापावी लागतात, कारण थिंबल ग्लँडमधून (केबल आत घेणाऱ्या आवळ कडीतून) बाहेर निघत नाही. म्हणजे दरवर्षी बारा थिंबलं नवीन, आणि केबल वीतभर आखूड.

पण खरं दुखणं वेगळंच आहे. पॅनेलच्या मेन स्विचला जी १८५ येते, तिचा पिवळा फेज जळतो. दोन वर्षांत तीनदा. शेवटचा फेब्रुवारीत, उसाच्या पाण्याची पाळी चालू असताना. वास आला म्हणून दार उघडलं तर थिंबल काळंनिळं पडलेलं, आणि मागचं इन्सुलेशन चार बोटं वितळून खाली लोंबत होतं. वायरमन म्हणतो, "भाड्याच्या मशीनला दाब नाही, संस्थेनं स्वतःचं घ्यावं."

कमिटीनं कबूल केलंय. दुकानात गेलो तर एक मशीन साडेपाच हजार, दुसरं बावीस हजार, आणि दिसायला दोन्ही सारखीच! दोन्हींवर १६ ते ३०० लिहिलंय. किती टनाचं घ्यावं? बॅटरीवालं घ्यावं का? आणि आमच्यातल्या दोघा-तिघांना शिकून हे जमेल का?

---

पक्कडबहाद्दर

बॅटरीवालं घ्या राव. बटण दाबलं की काम झालं. आमच्या सोलरच्या साइटवर दिवसाला शंभरेक थिंबलं मारतो, हातानं पंप करत बसलो तर खांदे जातील.

---

साईटवरचा

वर्षाला पंधरा-वीस थिंबलांसाठी बॅटरीवालं कशाला? आठ महिने कपाटात पडून बॅटरीच मरायची. हातपंपाचं पुरे.

पण नदीकाठ, मशीन घ्यायच्या आधी जरा थांबा. मी मस्कतला इलेक्ट्रिकल सुपरवायझर आहे, जळलेली थिंबलं बघण्यात अर्धं आयुष्य गेलंय. "दाब नाही" हे वायरमनचं आवडतं उत्तर आहे. चार गोष्टी बघून सांगा. जळलेलं थिंबल तांब्याचं आहे की ॲल्युमिनियमचं? (वरून दोन्ही पांढरंच दिसतं, तांब्याला कथलाचा मुलामा असतो. कानशीनं एक कोपरा घासा.) केबलची कोअर गोल आहे की पिझ्झाच्या तुकड्यासारखी? दाबताना कुठला डाय (मशीनच्या जबड्यातला साचा) लावला होता? आणि आत काळी-करडी पेस्ट होती का?

---

नदीकाठ

पिझ्झा आमच्याकडं जयसिंगपूरला मिळतो, त्यामुळं कळलं 😄 कोअर तशीच आहे, कलिंगडाच्या फोडीसारखी म्हणा. थिंबल घासून बघितलं, आत लालसर निघालं. तांबं. पेस्ट वगैरे काही नाही.

डायचं वायरमनला विचारलं. आधी उडवाउडवी केली, मग म्हणाला, भाड्याच्या पेटीत १८५ चा डाय हरवलेला होता म्हणून २४० चा लावला आणि वरून हातोड्यानं दोन ठोके दिले. कोअर आत जाईना म्हणून "थोड्या तारा" कापल्या होत्या, हेही तेव्हाच कळलं.

---

साईटवरचा

बघा, मशीन निर्दोष सुटलं.

ॲल्युमिनियमच्या तारेला हवा लागली की लगेच ऑक्साइडचा थर चढतो, आणि त्यातून वीज जात नाही. म्हणून तार सोलल्यावर तारेच्या ब्रशनं घासायची आणि लगेच पेस्ट लावायची. पेस्टमुळं हवा आणि ओल पुन्हा आत शिरत नाही. नदीकाठच्या दमट हवेत तर हे टाळून चालायचंच नाही.

दुसरं, ॲल्युमिनियमच्या तारेला तांब्याचं थिंबल कधीच लावायचं नाही. तापल्यावर ॲल्युमिनियम तांब्यापेक्षा जास्त फुगतं. तांब्याची नळी त्याला फुगू देत नाही, मग ते आतल्या आत चेपतं आणि थंड झालं की सैल पडतं. मोटर चालू-बंद होईल तसा हा खेळ रोज चालतो. वर ओल मिळाली की दोन धातूंमध्ये गंज सुरू. केबल ॲल्युमिनियमची असेल तर नळी ॲल्युमिनियमचीच हवी. स्विचचं टर्मिनल तांब्याचं असेल तर बायमेटलचं थिंबल घ्या. त्याची नळी ॲल्युमिनियमची आणि पान (बोल्टाचं भोक असलेला चपटा भाग) तांब्याचं असतं.

आता डाय. २४० चा डाय १८५ च्या थिंबलावर मिटला तरी नळी पुरती आवळली जात नाही. मशीन शंभर टनाचं असलं तरी तेच, कारण डायचे दोन्ही ओठ एकमेकांना टेकले की पुढं दाब थिंबलावर जातच नाही. बाहेरून षटकोन छान दिसतो, आत पोकळी राहते.

अजून एक फसगत सांगतो, मीही फसलोय. डायवर नुसतं "१८५" लिहिलेलं असतं, ते तांब्याच्या थिंबलाचं की ॲल्युमिनियमच्या? ॲल्युमिनियमच्या नळीची भिंत जाड असते, म्हणून त्याच मापाच्या केबलला डाय मोठा लागतो. जर्मन डिन पद्धतीत थिंबलावर डायचा आकडा कोरलेलाच असतो. १८५ ला तांब्यासाठी २५, ॲल्युमिनियमसाठी २८. आपल्याकडची थिंबलं त्या मापाची असतीलच असं नाही, त्यामुळं हे आकडे तिथं लावू नका. मुद्दा एवढाच, की थिंबल ज्या कंपनीचं, तिच्या तक्त्यात त्या थिंबलाला जो डाय सांगितलाय तोच वापरायचा. डॉवेल्ससारख्या कंपन्यांच्या कॅटलॉगमध्ये बघा. ॲल्युमिनियमच्या नळीच्या थिंबलांसाठी आपलं भारतीय मानकही आहे, आयएस ८३०९.

लहान डाय लावला तर उलटं होतं. जादा धातूला जागा मिळत नाही आणि तो दोन्ही बाजूंनी कानासारखा बाहेर येतो. लोक ते कान कानशीनं घासून टाकतात आणि काम झालं म्हणतात.

---

पक्कडबहाद्दर

साईटवरचा, हे सगळं मान्य. पण थोड्या तारा कापल्यानं एवढं काय होतं? सगळेच कापतात.

---

साईटवरचा

सगळेच कापतात म्हणून तर माझी नोकरी आहे, दादा.

हिशोब करा. ६० एचपीच्या मोटरीला पुऱ्या लोडला साधारण ८० अँपिअर. दोन मोटरी, १६० अँपिअर. तारा कमी झाल्यानं जोडात फक्त १ मिलिओहम जादा रोध आला तर १६० × १६० × ०.००१, म्हणजे २५ वॅटच्या वर. रेडिओवाल्याची २५ वॅटची सोल्डरिंग इस्त्री त्या थिंबलात खुपसून तासन्‌तास चालू ठेवल्यासारखं झालं. तापलं की रोध वाढतो, रोध वाढला की आणखी तापतं. फेब्रुवारीत वास आला तो याचाच.

फोडीसारखी कोअर गोल नळीत जावी म्हणून राउंडिंग डाय मिळतात. आधी त्यात दाबून कोअर गोल करायची, मग थिंबल चढवायचं. एकही तार कापायची नाही. राउंडिंग डाय मशीनच्या पेटीत नसतात, वेगळे मागा आणि मशीनच्या डोक्यात बसतात का ते तिथंच बघा.

---

मोटर_आणि_मिसळ

इचलकरंजीत माझं मोटर दुरुस्तीचं दुकान आहे. मशीनचं नंतर बोला, आधी ती बारा थिंबलं वाचवा. मोटरीच्या टर्मिनल बॉक्सला खाली चार बोल्टांची ग्लँड प्लेट असते. केबल टर्मिनलवरून सोडवा, चार बोल्ट काढा, आणि प्लेट, ग्लँड, केबल, थिंबल सगळं एकत्र ओढून घ्या. थिंबल ग्लँडमधून काढायचंच नाही! कोणती तार कुठं होती त्याचे टॅग लावा, नाहीतर मोटर उलटी फिरेल. थिंबलांवर पॉलिथिनची पिशवी बांधा आणि केबलचं टोक पुरापेक्षा उंच टांगून ठेवा. केबलच्या पोटात पाणी शिरलं तर थिंबल कितीही चांगलं मारा, उपयोग नाही.

बोल्ट गंजून बसले असतील तर आताच बदलून एसएसचे टाका. जूनमध्ये चिखलात उभं राहून छन्नी मारायची वेळ येते, अनुभव आहे.

---

नदीकाठ

मोटर_आणि_मिसळ, तुमच्या पाया पडायला दुकानात यावं म्हणतो. आमच्या मोटरीला ती प्लेट आहे. एवढी वर्षं आम्ही केबल कापत होतो!

तरी मेन स्विचची चार थिंबलं नव्यानं मारायची आहेतच (तीन १८५ ची, न्यूट्रलचं ९५ चं), आणि मशीन घ्यायचं ठरलंय. साडेपाच हजार का बावीस?

---

साईटवरचा

किंमत बघून ठरवू नका, दुकानात थिंबल दाबून बघा. जाताना जळक्या केबलचा वीतभर तुकडा आणि नवीन १८५ चं ॲल्युमिनियम थिंबल घेऊन जा. दुकानदारासमोर दाबा. चांगल्या मशीनचे डाय पूर्ण मिटतात आणि त्याच वेळी आतला व्हॉल्व्ह सुटतो, दांडा एकदम हलका पडतो. व्हॉल्व्ह सुटला तरी डायमध्ये फट दिसली तर ते मशीन तिथंच ठेवा. पाच मिनिटं दाबाखाली धरा आणि दांड्याजवळ तेलाचा ओलावा येतो का बघा.

मग ते थिंबल हॅकसॉनं मधोमध आडवं कापा आणि कापलेला भाग पॉलिश पेपरवर घासा. तारा एकमेकींत चेपून मधमाशीच्या पोळ्यासारख्या दिसल्या पाहिजेत. सुटी गोल तार किंवा काळं छिद्र दिसलं तर डाय, थिंबल, केबल यांचं जमलेलं नाही. दुकानदार कुरकुर करेल, थिंबलाचे पैसे देऊन टाका. साडेपाच हजारातलं मशीन यात पास झालं तर खुशाल घ्या. स्वस्त मशीनमध्ये पंपापेक्षा डायच्या मापात गडबड असते, हा माझा अनुभव. मात्र सील आणि ओ-रिंगचा किट मिळतो का ते आधी विचारा. तेल मशीनच्या पुस्तकात सांगितलेलंच हायड्रॉलिक तेल घाला. गाडीचं ब्रेक ऑइल घातलंत तर सील फुगून बाद. दांडा स्पंजासारखा मऊ लागला तर आत हवा शिरली आहे असं समजा.

केबल नळीच्या लांबीपेक्षा थोडी जास्त सोला, पण ते जास्तीचं बोटाच्या पेरापेक्षा कमीच ठेवा, कारण दाबल्यावर ॲल्युमिनियम लांबतं. सोलताना चाकूचा ओरखडा तारेवर नको. ब्रश, पेस्ट, आणि तार नळीत तळापर्यंत. पहिला दाब पानाजवळ, मग एक एक करत केबलकडं सरकायचं. उलटं केलं तर धातू मध्ये कोंडतो. किती दाब मारायचे ते नळीवरच्या रेघा सांगतात. रेघा नसतील तर कॅटलॉग. बाहेर आलेली पेस्ट पुसा, मग वरून इन्सुलेशनची स्लीव्ह चढवा.

बोल्टाला डिश वॉशर (वाटीसारखा स्प्रिंगचा वॉशर) लावा, आणि स्विचवर जो टॉर्क (पिळायचा जोर) लिहिलाय तेवढाच टॉर्क-पान्यानं द्या. ॲल्युमिनियम बोल्टाखाली हळूहळू दबतं, "पिळून घट्ट" केलं तर जास्तच. आणि भोक लहान पडलं म्हणून थिंबलाचं पान ड्रिलनं कोरू नका.

---

मोटर_आणि_मिसळ

एक राहिलं. मीटरच्या अलीकडं, डीपीच्या बाजूला, हात लावायचा नाही. ते महावितरणचं काम, त्यांच्या वायरमनला डीओ (डीपीवरचे ड्रॉप-आउट फ्यूज) काढायला लावा आणि काम संपेपर्यंत तो तिथंच थांबू द्या. पॅनेलमध्ये कपॅसिटर असतील. सप्लाय बंद झाल्यावरही त्यात वीज असते. पाच मिनिटं थांबा, टेस्टरवर विसंबू नका, मीटरनं मोजा. दाबताना बोटं डायमध्ये जाणार नाहीत एवढं बघितलं की शिकायला हे अवघड नाही. पण पॅनेलमधलं काम परवानाधारक माणसाच्या देखरेखीखालीच करा.

---

नदीकाठ

(दिवाळीनंतर) मंडळी, हिशोब द्यायला आलो.

साडेपाच हजारवालं दुकानात नापास झालं. व्हॉल्व्ह सुटल्यावरसुद्धा डायमध्ये नखाएवढी फट. बावीस हजारवाल्यात फट दिसली नाही. पण त्यातले डाय तांब्याच्या थिंबलांचे होते, ॲल्युमिनियमच्या थिंबलांचे १८५ आणि ९५ चे वेगळे मागवावे लागले. आठ दिवस गेले, मग थिंबल दाबून कापून बघितलं, पोळं दिसलं. राउंडिंग डाय मिरजेतल्या एका कंत्राटदाराकडून एका दिवसासाठी आणले.

वायरमनलाच करायला लावलं, आम्ही दोघं शेजारी उभे. पहिल्यांदा ब्रश मारताना हसत होता. घासलेली तार आणि न घासलेली तार शेजारी धरल्यावर गप्प झाला, एवढा रंगात फरक.

काल दोन्ही मोटरी चार तास चालल्यावर लेझर थर्मामीटरनं थिंबलांच्या स्लीव्हवर मोजलं. लाल ४३, पिवळा ४४, निळा ४३.

मशीन संस्थेच्या कपाटात पावतीपुस्तकांशेजारी ठेवलंय. आज सकाळीच शेजारच्या संस्थेचे सेक्रेटरी आले, चार दिवस मशीन द्या म्हणून.

---

मोटर_आणि_मिसळ

द्या की. फक्त डाय मोजून द्या, आणि मोजून परत घ्या.